सोळा कोटींवरची रेघ

माझ्या मामाला अख्खा धक्का कानसेन म्हणायचा. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण वारा सुटलाय, रेडिओवर नुसती खरखर आहे, तीन होड्या एकाच वेळी बोलतायत, अशा वेळी तो मान न वळवता सांगायचा, "मधला आहे ना, तो होडीचा मालक नाही. मेहुणा आहे त्याचा. आणि त्याला सर्दी झालीये." संध्याकाळी होडी धक्क्याला लागली की मेहुणा शिंकत उतरायचा.

मामी म्हणायची, "बाहेरच्यांची शिंकसुद्धा ऐकू येते. घरात मी एक वाक्य तीनदा बोलते, ते भिंत ऐकते."

"भिंत उलटून बोलत नाही म्हणून तुमचं जमतं," मामा म्हणायचा, आणि पुढचे दोन तास खरोखरच काही ऐकायचा नाही.

धक्क्याच्या टोकाला दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत यंत्रं, बाहेरच्या खोलीत एक लांब बाक आणि पाण्याचा माठ. गच्चीवर अँटेना. मामाने तिथे एकतीस वर्षं काढली. काम एकच: समुद्रावर गेलेल्यांचं ऐकत राहायचं. चोवीस वर्षं त्याच्या हाताखाली एक जुना सेट होता, ज्याचं बटण फिरवून फिरवून त्याच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. मग एके दिवशी तो सेट काढून नेला आणि त्या जागी वहीएवढी काळी पेटी आली. सॉफ्टवेअर रेडिओ. तिला बटणच नव्हतं.

"हिला कान नाहीत," त्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला. चेहरा उतरलेला. "ही ऐकत नाही. मोजते. अँटेनातून आलेली लाट सेकंदाला दोन लाख चाळीस हजार वेळा मोजते आणि आकडे कॉम्प्युटरला देते. कॉम्प्युटर त्याचं चित्र काढतो. कोणी बोललं की पडद्यावर रेघ उठते."

मामी शिवणाच्या मशीनवर होती. ती शिंपीण. धक्क्यावरच्या निम्म्या लोकांचे कपडे तिच्या हातचे. "मग पाच लाख वेळा मोज म्हणावं. हात का आखडता?"

"वाटेल तो आकडा मागता येत नाही गं. आत एक क्लॉक असतं. सेकंदाला तीन कोटी सात लाख वीस हजार ठोके. मोजणी ठोक्यावरच पडायला हवी. दर एकशे अठ्ठाविसाव्या ठोक्याला एकदा मोजलं की दोन लाख चाळीस हजार होतात. पूर्ण भाग जातो असाच आकडा मागायचा."

मामीने दोरा दाताने तोडला. "म्हणजे थान. तीस मीटरच्या थानातून अडीच-अडीचचे बारा बसतात. पावणेतीनचे मागितले तर दहा बसतात आणि वर तुकडा लोंबत राहतो."

मामा तिच्याकडे बघतच राहिला. ट्रेनिंगला आलेल्या इंजिनिअरला हे सांगायला अडीच दिवस लागले होते.

"आणि ही पेटी लबाड आहे," तो म्हणाला. "मागितलेला तुकडा बसत नसला तर नाही म्हणत नाही. जवळचा कापून हातात ठेवते आणि पडद्याच्या तळाला बारीक अक्षरात एक पिवळी ओळ लिहिते."

"ती ओळ वाचतं कोण?"

"मी वाचतो."

आणि तो वाचायचा. पुढच्या सात वर्षांत त्या पेटीचं सगळं त्याला पाठ झालं. दुसऱ्या पाळीवाला त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होता, शिकलेला होता, पण तोही अडला की फोन करायचा, "काका, कितीचं क्लॉक लावू?" मामा भाजी निवडतानिवडता तोंडी भागाकार करून सांगायचा. चिंधी उरलेली त्याला खपायची नाही. शिल्लक शून्य आली की त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान दिसायचं, जसं कोणाच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्यावर दिसतं.

आता बोयाबद्दल सांगायला हवं. प्रत्येक होडीवर एक बोया असतो, फुटबॉलएवढा, नारिंगी. होडी संकटात सापडली की त्याची खुंटी फिरवायची आणि तो पाण्यात टाकायचा. तो तरंगत राहतो आणि रेडिओवर हाक देतो: सरळ एक रेघ, आणि त्या रेघेवर टिकटिक, ज्यावरून होडी कोणती ते कळतं. प्रत्येक बोयाची रेडिओवर स्वतःची जागा ठरलेली. निळ्या होडीच्या बोयाची जागा होती सेकंदाला बरोबर सोळा कोटी कंपनं. एवढा गोल आकडा दुसऱ्या कोणाचा नव्हता, म्हणून मामाला तो वहीत बघावा लागत नसे.

निळ्या होडीवर चौघं होते. जाळेवालीचा मुलगा, त्याचे दोन चुलतभाऊ आणि एक म्हातारा खलाशी. जाळेवाली म्हणजे धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून फाटकी जाळी सांधणारी बाई. जीभ तिखट. मामा रोज तिच्यासमोरून जायचा आणि रोज काहीतरी ऐकून जायचा.

"दादा, तुमच्या पेटीला विचारा हो, माझं पोर जेवलं का."

"पेटी म्हणते, जेवला, पण आईच्या हातचं नाही म्हणून अर्धं टाकलं."

"टाकतोय कसला. त्याच्या ताटात मांजर बसलं तर तेही खाईल."

वादळ आलं गुरुवारी दुपारी. संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या परतल्या. निळी आली नाही.

शुक्रवारी सकाळी सातला शोधप्रमुखाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात बसायचा. मामाने त्याला कधी बघितलं नव्हतं, पण आवाजावरून त्याला दमा आहे हे मामाला माहीत होतं.

"मला तुमच्याकडचं रेकॉर्डिंग हवंय. अखंड. एक मिनिटही तुटायला नको. आणि दर सेकंदाला अडीच लाख ठेवा. आमचा प्रोग्राम दुसरं काही घेत नाही."

मामाने अडीच लाख मागितले. तळाला पिवळी ओळ आली: मागितलेला दर मिळत नाही, दोन लाख एकोणपन्नास हजार सातशे छप्पन्न देत आहे. मामाने ती वाचली. पुढे दोन वाटा होत्या. जुन्याच दराने रेकॉर्ड करायचं आणि नंतर कॉम्प्युटरकडून ते अडीच लाखांत बसवून घ्यायचं. किंवा क्लॉकच बदलायचं: तीन कोटी वीस लाख. त्याला एकशे अठ्ठाविसाने भागलं की बरोबर अडीच लाख. शिल्लक शून्य.

पहिली वाट गबाळी होती. मामाने दुसरी घेतली. पेटी बंद करून नव्या क्लॉकवर चालू केली आणि आठच्या ठोक्याला रेकॉर्डिंग सुरू झालं. दहा मिनिटांत, पडद्यावरची खरखर सरासरीत बसत गेली तशी, सोळा कोटींवर एक बारीक रेघ उभी राहिली.

टिकटिक नव्हती. पण बॅटरी उतरली की टिकटिक आधी मरते आणि नुसती रेघ उरते, हे मामाने पूर्वी दोनदा पाहिलं होतं. तरी त्याने लगेच फोन उचलला नाही. गच्चीवर जाऊन अँटेनाची तार काढली. दुसऱ्या पाळीवाला खालून ओरडला, "गेली." तार लावली. "आली." म्हणजे रेघ बाहेरून येत होती, पेटीच्या पोटातली नव्हती. मग मामाने अँटेना फिरवून बघितली. उत्तरेला रेघ जेमतेम. दक्षिणेला ठळक.

"दक्षिण," तो फोनवर म्हणाला.

"खात्री?"

"तार काढून बघितलीये, साहेब."

चार नौका दक्षिणेला गेल्या.

मी त्या आठवड्यात मामाकडेच होते. नाटकाचा दौरा मध्येच रद्द झाला होता आणि मामीने बोलावलं होतं. मामाचा जेवणाचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी गेले तेव्हा जाळेवाली बाहेरच्या बाकावर बसली होती, पदर खोचलेला, मांडीवर जाळं. घरी बसून हात थांबतात, म्हणून काम घेऊन आली होती. मामा तासातासाला दारात यायचा आणि एकच शब्द बोलायचा.

"आहे."

"जाड झाली का बारीक?"

"होती तेवढीच आहे, ताई."

"म्हणजे दम आहे बोयात." ती जाळ्याची गाठ ओढायची. "पोरात पण असणार. लहानपणी रडायला लागला की दोन-दोन तास रडायचा. शेजारीण म्हणायची, हा पुढे भोंगा होणार."

शनिवारी तिने मामाला सगळं समजावून सांगायला लावलं. तार काढली की रेघ जाते, लावली की येते, हे ऐकून ती दोनदा हसली. रविवारी तिने दुसऱ्या पाळीवाल्याला दम दिला, "चहा प्यायला उठू नकोस. तुझं लक्ष गेलं आणि रेघ गेली तर मी तुझी गाठ मारीन या जाळ्यात." तो चहा न पिता बसून राहिला. रविवारी रात्री शोध थांबवायचा असं आधी ठरलं होतं. रेघेमुळे तो पुढे चालू राहिला.

सोमवारी अकराच्या सुमाराला आतल्या खोलीतला एसी बंद पडला.

खोली तापत गेली. मामा सदरा काढून बनियनवर बसला होता. पेटी हाताला चटका बसेल इतकी गरम. साडेबाराला मी डबा घेऊन आले तर तो पडद्याकडे अशा नजरेने बघत होता, जसं कोणी आपल्याच घराचं कुलूप तुटलेलं बघतं.

"मामा, जेवून घे."

"हे बघ." त्याने पडद्याच्या डाव्या टोकाला बोट लावलं. "हा हवामानखात्याचा सूर. रोज इथे असतो. आज हा एवढा सरकलाय."

"मग?"

"पेटी तापली की क्लॉक जरा हलतं. घड्याळच मागे पडलं तर जगातलं सगळं पुढे गेलेलं दिसतं. हा सरकला. तो पलीकडचा बंदराचा, तोही सरकला. सगळे सरकले." त्याचं बोट मध्ये आलं. "ही नाही सरकली."

"मग चांगलंच की."

"समुद्रात तरंगणारा बोया आहे तो. चार दिवस वाऱ्यात, पाण्यात. तो तर सगळ्यांत जास्त हलायला हवा. ही सोळा कोटींवर आहे, शुक्रवारपासून, केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही." त्याने पेटीकडे बघितलं. "माझ्या क्लॉकबरोबर जी वस्तू हलते, तीच फक्त मला हलताना दिसणार नाही."

मग तो हलक्या आवाजात, पाढा म्हणावा तसा म्हणाला, "तीन कोटी वीस लाख पंचे सोळा कोटी."

दुसऱ्या पाळीवाल्याला पडद्यासमोर बसवून तो घरी आला. डबा तसाच परत आणला. मामी मशीनवरून उठली. त्याने तिला सगळं सांगितलं. क्लॉकचे ठोके एका जागी राहत नाहीत, त्यांचे पडसाद दुप्पट, तिप्पट, पाचपट जागी उमटतात. धंद्यातले लोक त्याला भूत म्हणतात. जुन्या क्लॉकचं भूत कुठेतरी पंधरा कोटींच्या पुढे पडायचं, जिथे कोणाचाच बोया नव्हता. शुक्रवारी त्याने क्लॉक बदललं आणि भूत नेमकं निळ्या होडीच्या जागेवर जाऊन उभं राहिलं.

"पण तुम्ही तार काढून बघितली होती," मामी म्हणाली.

"केबल पेटीपासून गच्चीपर्यंत जाते. ठोका केबलच्या अंगावरून बाहेर पडत असणार आणि वर अँटेनात शिरत असणार. माझाच आवाज गच्चीवरून फिरून माझ्याकडे. आणि केबल चढते ती दक्षिणेच्या भिंतीवरून."

मामीने पाणी पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"असणार म्हणजे? नक्की नाही ना?"

"क्लॉक बदलून बघितलं की दहा मिनिटांत कळेल. रेघ जागेवर राहिली तर बोया. उठून गेली तर मी."

"मग नका बदलू." ती एवढ्या पटकन बोलली की मी दचकले. "अखंड रेकॉर्डिंग ठेवा असं साहेबांनीच सांगितलंय. ती बाई बाकावर बसलीये. दोन दिवसांनी तेच म्हणतील, बॅटरी संपली असेल, आता पुरे. आपोआप संपेल."

"ती संपणारच नाही. माझी पेटी चालू आहे तोवर ती रेघ चालू आहे."

"अहो, मी काय म्हणते ते—"

"चारही नौका दक्षिणेला आहेत," मामा म्हणाला. "उत्तरेला चार दिवसांत कोणी गेलेलंच नाही."

मामी खाली बसली. तिच्या हातात एक बाही होती, तिला खांदा जोडायचा राहिला होता. ती बाही तिने घडी घालून मांडीवर ठेवली, परत उलगडली, परत घडी घातली.

"जा मग," ती म्हणाली. "लवकर जा."

त्याच्याबरोबर मीही गेले. बाकावर जाळेवालीने मान वर केली. मामा न थांबता आत गेला. दोनला पाच मिनिटं कमी असताना त्याने रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले तेव्हा बटण दाबलं.

पेटी बंद. क्लॉक तीन कोटी सात लाख वीस हजार. पेटी चालू.

पडदा भरायला दहा मिनिटं लागतात. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. दुसऱ्या पाळीवाल्याचे ओठ हलत होते. सोळा कोटींवर खरखर होती. पाच मिनिटांनी खरखर होती. दहा मिनिटांनीही खरखरच होती, सपाट, चारी बाजूंसारखी.

"कदाचित आत्ताच बॅटरी—" दुसऱ्या पाळीवाला म्हणाला.

मामाने पेटीला पंधरा कोटी छत्तीस लाखांवर नेलं. आत्ता लावलेल्या क्लॉकची पाचपट. तिथे ती उभी होती. बारीक, सरळ, शुक्रवारी होती तेवढीच.

त्याने फोन लावला. शोधप्रमुखाचा श्वास मला बाजूला उभी असूनही ऐकू आला.

"साहेब, दक्षिणेची रेघ खोटी आहे. माझ्याच क्लॉकची आहे. नौका उत्तरेला वळवा."

"काय बोलताय काका?"

"शुक्रवारी मी क्लॉक बदललं. तुमचे अडीच लाख बसवायला."

"मी क्लॉक बदलायला सांगितलं नव्हतं."

"नाही. तुम्ही दर सांगितला होता. क्लॉक मी निवडलं."

"चार दिवस झालेत," तो म्हणाला. "उत्तरेला प्रवाह किती आहे माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"दोन नौका पाठवतो. गुरुवारपर्यंत. त्यापुढे मला कोणी परवानगी देणार नाही."

मामाने फोन ठेवला. सदरा घातला, सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा, आणि बाहेरच्या खोलीत आला.

"आहे?" जाळेवाली म्हणाली.

"नाही, ताई."

"संपली का बॅटरी?"

"नव्हतीच."

तिला कळलं नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "रिकाम्या बोळातून चालताना मागून कोणी येतंय असं वाटतं, आणि तो आपल्याच चपलेचा आवाज असतो. तसं झालं. माझ्या पेटीचाच आवाज होता तो. मी तुमच्या पोराचा समजलो."

"तुम्ही तार काढून बघितली होती," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं तुम्ही. काढली की जाते, लावली की येते."

"ती तपासणी अपुरी होती."

"मग पुरी का नाही केली?"

या प्रश्नाला मामाकडे उत्तर होतं, रेकॉर्डिंग तोडायचं नव्हतं, हुकूम होता. ते त्याने दिलं नाही. तिने जाळं मांडीवरून उतरवलं, नीट गुंडाळलं, सुई त्यात खोचली.

"आता कुठे शोधणार?"

"उत्तरेला."

"इतके दिवस तिकडे कोणीच नव्हतं?"

"नाही."

तिने मान हलवली, दुकानदाराने वस्तू नाही म्हटल्यावर हलवावी तशी, आणि जाळं काखोटीला मारून निघून गेली.

बुधवारी उत्तरेला बोया सापडला. खुंटी फिरवलेली होती. बॅटरी पूर्ण उतरलेली. थोडं पुढे एक तेलाचा कॅन आणि निळ्या रंगाची एक फळी. माणसं नाहीत. गुरुवारी संध्याकाळी शोध थांबला.

धक्क्यावर कोणी मामाला काही बोललं नाही. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामी म्हणायची. लोक अजून त्याला कानसेनच म्हणत. चौकशीचा अहवाल दोन पानांचा आला. त्यात त्या चार दिवसांसाठी 'उपकरणजन्य व्यत्यय' असे दोन शब्द होते. मामाने शोधप्रमुखाला फोन करून सांगितलं की यात क्लॉक कोणी निवडलं ते लिहा. तो म्हणाला, "काका, तुमची तीन वर्षं राहिलीत. कशाला? वाचणाऱ्याला कळणारही नाही." मामाने एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून पेटीवर चिकटवलं: तीन कोटी वीस लाख लावू नये. खाली तारीख आणि सही.

आणि मग त्याने ते रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं.

बोयाची खुंटी फिरवलेली होती, म्हणजे बोयाने हाक दिली होती. किती वेळ, कोणाला माहीत नाही. खरा बोया थंड पाण्यात आपल्या जागेवरून जरासा सरकतो. म्हणजे शुक्रवारच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या खोट्या रेघेच्या अगदी शेजारी, तिच्या अंगाला लागून, एखादी फिकट टिकटिक असू शकत होती. पण भुताच्या रेघेला मुळाशी फुगवटा असतो, आणि शेजारचं जे काही असेल ते त्या फुगवट्याखाली. पाळी संपली की मामा हेडफोन लावून बसायचा. एक मिनिट पुढे, अर्धं मागे. घरी यायला उशीर व्हायला लागला.

"सापडलं तर काय करणार?" मामीने एकदा जेवताना विचारलं.

"सापडलं तर कळेल की हाक येत होती."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर कळेल की नव्हती येत."

"तुम्हाला कोणतं हवंय?"

मामाने घास खाली ठेवला. मामीने पुन्हा विचारलं नाही. पुढे महिनाभर तिने त्या घरात पेटी, क्लॉक, दर यातला एकही शब्द उच्चारला नाही, आणि त्या घरात दुसरं बोलण्यासारखंही काही राहिलं नाही.

दीड महिन्याने मी परत गेले तेव्हा मामीने डबा माझ्या हातात दिला. "तूच दे. मी गेले की ते हेडफोन काढतात, आणि मग मला बघवत नाही."

मी पोचले तर आत जाळेवाली होती. बाकावर नव्हे, आत, मामाच्या शेजारच्या खुर्चीवर. ती नुकतीच आली असावी, कारण चपला हातातच होत्या.

"लोक म्हणतात, माझ्या पोराची हाक त्या रेघेखाली आहे," ती म्हणत होती.

"लोकांना काय माहीत."

"दुसऱ्या पाळीवाल्याने सांगितलं. तुम्ही रोज ऐकता म्हणे."

मामाने हेडफोन टेबलावर बाजूला सरकवला.

"मला ऐकवा."

"ताई, त्यात काही नाही. नुसता एक सूर आहे. माझ्या पेटीचा."

"ऐकवा म्हटलं ना."

त्याने शुक्रवार सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. रेघेचा आवाज करता येतो, करून दिला. हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवताना तिच्या केसांत अडकला, तो त्याने सोडवला. ती ऐकत राहिली. डोळे मिटले नाहीत, रडली नाही. जाळं सांधताना एखादी गाठ कुठून सुटलीये ते शोधावं, तशी तिची नजर पडद्यावर एका जागी होती. मी दारातच डबा धरून उभी. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील.

तिने एक कान मोकळा केला. "यात तो कुठाय?"

"मला नाही सापडला."

"पण नाहीच, असं म्हणता येतं का?"

"नाही. तसंही म्हणता येत नाही."

"किती आहे हे सगळं?"

"अठ्ठ्याहत्तर तास."

"तुमचं किती ऐकून झालं?"

"सगळं. तीनदा."

तिने हेडफोन परत नीट केला, मग पुन्हा काढला, कारण एक विचारायचं राहिलं होतं.

"सकाळी तुम्ही किती वाजता येता?"

"आठला," मामा म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि चपला खुर्चीखाली ठेवून, हेडफोन लावून, पुन्हा पडद्याकडे वळली.